बिनजोडांचा गठ्ठा

ऑफिसात त्याला तोंडावर शंकोबा म्हणत आणि पाठीमागे शंकासुर. दोन्ही नावं त्याला ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर दोन्ही कबूलही होती. घरातून निघताना गॅस बंद आहे ना म्हणून तो जिन्यावरून परत फिरायचा. कुलूप ओढून बघायचा. बायको बरोबर असली की रस्त्याच्या वळणावर तिला विचारायचा, "ओढलं होतं ना गं मी?" बायको म्हणायची, "अहो, ओढून ओढून ते कुलूप लांब झालंय." तिचं हसून झालं तरी त्याची शंका काही जायची नाही. भीती त्याच्या घरातली जुनी भाडेकरू होती. बापाच्या वेळेपासून राहत होती आणि जागा सोडायला तयार नव्हती.

पण ज्या भीतीने घरी वैताग यायचा, तीच ऑफिसात कामाला यायची. रक्तपेढ्यांच्या मध्यवर्ती कार्यालयात तो प्रोग्रॅमर होता. तळमजल्यावर एका लांबलचक खोलीत तिथला मोठा संगणक, मेनफ्रेम, बसवला होता. उचलून बसवलेली फरशी, तिच्याखाली वायरींचं जंजाळ, आणि यंत्र तापू नये म्हणून केलेला असा गारठा की आत शिरणाऱ्याचं नाक लगेच वाहायला लागावं. ते यंत्र चालवणारा वयस्क ऑपरेटर बारा महिने लोकरी कानटोपी घालून बसे, म्हणून त्याचं नावच कानटोपी पडलं होतं. शंकोबा वरच्या मजल्यावर कोबोल या संगणकाच्या भाषेत प्रोग्रॅम लिही आणि कानटोपी खाली ते चालवी. दोघांचं चांगलं जमायचं. एक बोलायचा आणि दुसरा काळजी करायचा.

शंकोबाचं मुख्य काम याद्या जुळवण्याचं. ऐकायला सोपं वाटतं. दोन याद्या घ्यायच्या. दोन्ही रक्ताच्या पिशवीच्या क्रमांकाप्रमाणे चढत्या क्रमाने लावायच्या. या लावण्याला ते सॉर्ट म्हणत. मग प्रोग्रॅम दोन्हीकडची एकेक नोंद उचलून समोरासमोर धरतो. क्रमांक सारखे निघाले तर जोडी जुळली, ती एका फाइलीत. डावीकडचा लहान निघाला, तर त्याला उजवीकडे जोडीदारच नाही असं समजून त्याला बिनजोडांत टाकायचं आणि डावीकडची पुढची नोंद उचलायची. उजवीकडचा लहान असेल तर उजवीकडचा बिनजोड. याद्या संपेपर्यंत हेच. शेवटी तीन गठ्ठे हातात येतात: जुळलेले, डावे बिनजोड आणि उजवे बिनजोड. सगळी मदार त्या क्रमावर. प्रोग्रॅम मागे वळून बघत नाही. एकदा पुढे गेला की गेला.

एके दिवशी सकाळीच मॅडमनी, म्हणजे संगणक विभागाच्या प्रमुखांनी, त्याला बोलावून घेतलं. त्यांच्या खोलीत रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाईही बसल्या होत्या. चहा समोर होता, पण कुणी कपाला हात लावलेला नव्हता.

"दार लावून घ्या," मॅडम म्हणाल्या.

शंकोबाने दार लावलं आणि कडी ओढून बघितली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते असं. पिशवी रुग्णाला देण्याआधी रक्तातून पसरणाऱ्या काविळीसाठी ती तपासतात. त्या तपासणीच्या रसायनाची एक खेप वाटेत तापून नासली होती, आणि हे आत्ता, इतक्या महिन्यांनी उघड झालं होतं. नासलेल्या रसायनाला रोग दिसतच नाही. त्याने तपासलेलं सगळंच रक्त निर्दोष ठरतं. मागच्या वर्षीचा उन्हाळा सुरू झाल्यापासून थंडी पडेपर्यंत ती खेप वापरात होती.

"डावी यादी आपली. त्या खेपेने तपासलेल्या सगळ्या पिशव्या," मॅडम म्हणाल्या. "उजवी यादी इस्पितळांची. रुग्णांना चढवलेल्या पिशव्या, रुग्णाच्या नावासकट. जुळतील त्या लोकांना पत्रं जातील, त्यांना तपासणीला बोलवायचं. डावे बिनजोड म्हणजे कुणाला चढवल्याच नाहीत अशा पिशव्या, गोठवून ठेवलेल्या असतील त्या गोदामात शोधून नष्ट करायच्या. उजवे बिनजोड म्हणजे चांगल्या खेपेने तपासलेल्या. ते लोक सुटले."

शंकोबा मान डोलावत होता, पण ऐकत नव्हता. तो महिने मोजत होता. मागच्या वर्षी थंडीच्या जरा आधी त्याच्या बायकोच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली होती. नव्या इस्पितळात. दोन पिशव्या रक्त चढवलं होतं. त्या पिशव्या टपटप रिकाम्या होताना तो शेजारी स्टुलावर बसून बघत होता आणि मनात म्हणत होता, देव भलं करो ज्याने हे दिलं त्याचं.

"इस्पितळांची फाइल त्यांच्याकडच्या छोट्या संगणकावरून क्रमाने लावूनच आलीय," मॅडम सांगत होत्या. "तेव्हा तिचा सॉर्ट वगळा. डोंगराएवढी फाइल आहे, पुन्हा लावत बसलो तर निम्मा दिवस तिथेच जाईल. वरून सारखे फोन येताहेत."

एरवी शंकोबा म्हणाला असता, "मॅडम, आपणही एकदा लावून घेऊ, शंका नको." तेवढ्यासाठी तर त्याचं ते नाव पडलं होतं. त्या दिवशी तो म्हणाला, "बरं."

"आणि पत्रं जाईपर्यंत बाहेर ब्र काढायचा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरीसुद्धा नाही. लोकांची धावपळ उडेल."

त्या संध्याकाळी घरी तो बायकोच्या डोळ्यांत बघत राहिला. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग पिवळट आहे का? दिव्यामुळे तसं वाटतंय का? बायकोच्या ते लक्षात आलं.

"सारखं डोळ्यांत काय बघताय? लग्नाला इतकी वर्षं झाली, आता सुचलं होय?"

तो कसनुसा हसला. ती कांदा चिरायला बसली, आणि बोलता बोलता सुरी सटकून तिचं बोट कापलं. रक्त फळीवर ठिबकलं. शाळकरी लेक शेजारीच होती. तिने पटकन आईचं बोट आपल्या मुठीत दाबून धरलं. लेकीचा तळहात दोनच दिवसांपूर्वी सायकलवरून पडून खरचटला होता.

"हात लावू नकोस!" शंकोबा एवढ्या जोरात ओरडला की शेजारच्या घरातला रेडिओ बारीक झाला.

दोघी त्याच्याकडे बघतच राहिल्या. लेकीचे डोळे भरून आले.

"अहो, बोट कापलंय, मान नाही," बायको म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "झालंय काय तुम्हाला?"

"काही नाही. हात धू," तो लेकीला म्हणाला. "साबणाने धू. पुन्हा धू."

फळी त्याने स्वतः घासली. घासता घासता त्याला वाटलं, आपण काय घासतोय हे हिला कळलं तर? आणि कधीच कळलं नाही तर?

दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम चालला. कुठेही अडला नाही, कुठेही चूक दाखवली नाही. दुपारी कानटोपीने छापलेले कागद आणून टेबलावर ठेवले. जुळलेल्यांचा गठ्ठा त्यातल्या त्यात बारीक होता.

शंकोबाने पट्टी घेतली आणि ती एकेका ओळीखाली धरत तो नावं वाचू लागला. पट्टी खाली सरकवायला हात धजत नव्हता. प्रत्येक ओळ उघडताना वाटे, हीच. शेवटचं पान संपलं. बायकोचं नाव नव्हतं.

मग त्याने उजव्या बिनजोडांचा जाडजूड गठ्ठा ओढला, सुटलेल्यांचा. बऱ्याच वेळाने तिथे ती सापडली. नाव, वय, इस्पितळ, दोन्ही पिशव्यांचे क्रमांक. त्याने ते क्रमांक पुन्हा पुन्हा वाचले, जप करावा तसे. तो खुर्चीत मागे टेकला. हसू आवरेना.

"लॉटरी लागली काय रे?" कानटोपीने विचारलं.

"तसंच समज."

जुळलेल्यांची यादी पत्रं लिहिणाऱ्यांकडे गेली. आकडा फार मोठा नाही असं मॅडमनी वर कळवून टाकलं. शंकोबा घरी गेला, दोनदा वाढून घेऊन जेवला, आणि त्या रात्री कडी बघायलासुद्धा उठला नाही.

पुढच्या दिवशी दुपारी कानटोपी डाव्या बिनजोडांचा गठ्ठा काखेत मारून वर आला. तो गोदामाकडे पाठवायचा होता.

"बिनजोड म्हणे! पैलवान आहेत का हे सगळे?" असं म्हणत त्याने तो टेबलावर आपटला. "सही कर, म्हणजे पाठवतो."

सही करण्याआधी शंकोबाने सहज पानं चाळली. चहाचा कप डाव्या हातात होता. एका पानावर त्याची नजर अडली. क्रमांक ओळखीचा होता. त्याला वाटलं, काल इतका जप केला म्हणून आता सगळीकडे तोच दिसतोय. त्याने कप खाली ठेवला आणि उजव्या बिनजोडांचा गठ्ठा काढला. बायकोची ओळ शोधली. दोन्ही कागद शेजारी ठेवले.

दुसऱ्या पिशवीचा क्रमांक अक्षर न् अक्षर तोच होता.

डावीकडे बिनजोड म्हणजे ही पिशवी कुणालाच चढवलेली नाही. उजवीकडे बिनजोड म्हणजे ही पिशवी त्या खेपेने तपासलेलीच नाही. एकाच पिशवीबद्दल ही दोन्ही विधानं खरी कशी असतील?

"नवरा म्हणतोय मला बायको नाही, बायको म्हणतेय मला नवरा नाही, आणि दोघांचा पत्ता एकच," कानटोपी त्याच्या खांद्यावरून बघत म्हणाला. हसायला त्याने तोंड उघडलं होतं, ते त्याने मिटून घेतलं. "शंकोबा, हे काय आहे?"

शंकोबाने जुळलेल्यांची उरलेली प्रत ओढली. सगळे क्रमांक आकड्याने सुरू होणारे. जुन्या केंद्रांच्या पिशव्यांचे क्रमांक आकड्याने सुरू होत, नव्या केंद्रांचे अक्षराने. अक्षराने सुरू होणारा एकही क्रमांक जुळलेल्यांत नव्हता. एकही.

मग सगळं ढळढळीत दिसलं. त्यांच्या मोठ्या यंत्राच्या हिशेबात अक्षरं आधी येतात आणि आकडे नंतर. इस्पितळांच्या छोट्या यंत्राच्या हिशेबात आकडे आधी, अक्षरं नंतर. इस्पितळांची फाइल क्रमाने लावलेली होतीच, पण ती दुसऱ्याच क्रमाने. डावीकडून अक्षरांच्या पिशव्या आधी आल्या, तेव्हा समोर उजवीकडे आकड्यांच्या उभ्या होत्या. प्रोग्रॅमने अक्षरवाल्यांना जोड नाही म्हणून बाजूला टाकलं. उजवीकडची अक्षरं यायला लागली, तोवर डावीकडे कुणी उरलंच नव्हतं. नव्या केंद्रांचं रक्त चढवलेले सगळेच्या सगळे रुग्ण सुटलेल्यांत गेले होते.

"जा तू खाली," तो कानटोपीला म्हणाला. "मी येतो."

एकट्याने तो बसून राहिला. ही गोष्ट फक्त त्यालाच समजली होती. गठ्ठा गोदामात गेला असता तर तिथल्या लोकांनी पिशव्या शोधल्या असत्या, सापडल्या नसत्या, म्हणाले असते जुना माल, कुठेतरी नष्ट झाला असेल. बायकोची तपासणी त्याला गुपचूप करून घेता आली असती. तिला पत्र नको, लोकांच्या नजरा नकोत, शेजाऱ्यांनी कप वेगळा ठेवणं नको. भीतीने त्याच्या कानाशी हे सगळं इतक्या मायेने सांगितलं की क्षणभर त्याला ते शहाणपणच वाटलं.

समोर बायकोच्या ओळीच्या वरखाली दुसऱ्या ओळी होत्या. एक सात वर्षांचा मुलगा. एक बाळंतपणाच्या वॉर्डातली. एक त्याच्याच वयाचा पुरुष, पाच पिशव्या. यांच्याही घरी कुणी कांदा चिरत असेल.

आणि त्याला सगळ्यात धडकी भरली ती निराळ्याच गोष्टीची. आयुष्यभर ज्याने कुलपावर विश्वास ठेवला नाही, त्याने हा कागद मात्र एका दमात खरा मानला होता. कारण त्यात हवं तेच लिहिलेलं होतं. गठ्ठा इतका बारीक का, हे त्याने विचारलंसुद्धा नव्हतं.

तो उठला. दोन्ही कागद घेऊन मॅडमच्या खोलीत गेला आणि न बसताच सगळं सांगितलं.

मॅडमनी चष्मा काढला. "पत्रं निघालीत. वर आकडा गेलाय." मग चष्म्याच्या काड्या मिटवल्या. "सॉर्ट वगळा असं मीच म्हटलं होतं, नाही का?"

"मीही बरं म्हणालो."

"किती वाढतील?"

"मोजले नाहीत. धीर झाला नाही."

त्यांनी त्याच्या हातातल्या कागदाकडे बघितलं. एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. "तुमचं कुणी आहे का यात?"

"बायको."

मॅडमनी फोन उचलला, पुन्हा ठेवला. "तुम्ही घरी जा. मी दुसऱ्या कुणाला सांगते चालवायला."

शंकोबाला खरंच जावंसं वाटलं. पण घरी जायचं म्हणजे बायकोसमोर जायचं, आणि ते याहून अवघड होतं. "मीच करतो," तो म्हणाला. "फक्त आज घरी सांगू द्या."

"सांगा," मॅडम म्हणाल्या. आणि त्या वरच्यांना कळवायला जिना चढून स्वतः गेल्या. त्यांना काय ऐकावं लागलं ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. परतल्या तेव्हा मान लाल झाली होती, एवढंच सगळ्यांनी पाहिलं.

खाली गारठ्यात शंकोबाने सॉर्टची पायरी परत घातली. फाइलीचं नाव दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा कानटोपीने एकेक अक्षर मोठ्याने वाचून दाखवलं, लहान मुलाला धुळाक्षरं शिकवावीत तसं. मग यंत्राने फाइल आपल्या क्रमाने लावायला घेतली. टेपची चाकं फिरत होती, थांबत होती, पुन्हा फिरत होती. कानटोपीने आपली टोपी काढून न बोलता त्याच्या डोक्यावर चढवली.

या वेळी छापायला लागलं तेव्हा जुळलेल्यांचा कागद थांबेचना. घड्यांवर घड्या पडत राहिल्या. सुरुवातीच्याच पानांत अक्षरवाले आले, आणि त्यांत ती होती.

घरी त्याने लेकीला शेजारी पाठवलं आणि बायकोला सगळं सांगितलं, खेप नासल्यापासून ते काल दोनदा वाढून घेण्यापर्यंत. ती भिंतीला टेकून उभी राहून ऐकत होती. बोटावरची पट्टी दुसऱ्या हाताने चाचपत होती.

"म्हणून ओरडलात तिच्यावर," ती म्हणाली.

"हो."

"तिला काही झालं असेल का?"

"नाही. म्हणजे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसं सहसा होत नाही."

"सहसा." ती खाली बसली. जरा वेळाने म्हणाली, "गॅससाठी तीनतीनदा उठता हो तुम्ही. आणि माझं नाव बघून एकदा उठला नाहीत?"

ती रडली नाही, आणि ते त्याला जास्त भयंकर वाटलं. मग ती उठली आणि स्वतःचा टॉवेल, कंगवा, नेलकटर एका पिशवीत भरून वरच्या फळीवर ठेवलं, लेकीचा हात पोहोचणार नाही अशा जागी.

तपासणीच्या दिवशी दवाखान्याचा बाहेरचा हॉल माणसांनी भरला होता. प्रत्येकाच्या हातात तेच लांबट पाकीट. शंकोबा दाराशीच थबकला. कागदावर या सगळ्या ओळी होत्या. इथे कुणी खोकत होतं, कुणी मुलाला दटावत होतं. शेजारच्या बाकावर वर्कशॉपमधून तसाच आलेला एक माणूस होता, नखांत ग्रीस भरलेला. तो शंकोबाकडे वळला.

"तुम्हालाही पत्र?"

"हिला."

"कुणी पाठवलीत देव जाणे. चांगला हिंडत फिरत होतो, जीव घेतला मेल्यांनी."

शंकोबाने बुटांच्या टोकांकडे बघितलं. बायकोने त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि त्या माणसाला म्हणाली, "कळलेलं बरं असतं हो."

"तुम्हाला बरं वाटतंय का कळून?"

"नाही," ती म्हणाली. "अजिबात नाही."

तो माणूस हसला, आणि तेवढ्यात त्याचं नाव पुकारलं गेलं.

पहिल्या तपासणीत तिच्या रक्तात काही निघालं नाही. पण एवढ्याने भागणार नव्हतं; काही महिन्यांनी पुन्हा बोलावलं होतं. ते महिने शंकोबाने कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. ती दमली की तो घाबरायचा आणि ती हसली की आणखी घाबरायचा. एकदा लेकीला ताप आला, तेव्हा दोघं तिच्या उशाशी बसून राहिली. ताप उतरल्यावर दोघंही एकाच वेळी पाणी प्यायला उठली. वरच्या फळीवरची पिशवी तशीच होती.

दुसऱ्या तपासणीच्या वेळी हॉलमध्ये गर्दी विरळ होती. बायको आत गेली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा शंकोबाकडे बघून थांबल्या.

"त्या दुसऱ्या गठ्ठ्यातल्या काही जणांत रोग सापडला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "औषध चालू आहे. लवकर कळलं म्हणून बरे होतील, बहुतेक सगळे."

बहुतेक या शब्दापाशी शंकोबा अडकला. "तो वर्कशॉपवाला?"

"नावं मी सांगू शकत नाही. तुम्हाला माहीत आहे."

त्या निघून गेल्या. समोरचं दार बराच वेळ बंद होतं. मग ते उघडलं आणि बायको बाहेर आली, एका हातात पर्स आणि दुसऱ्या हातात अंगठा तुटलेली चप्पल.

"काही नाही निघालं," ती म्हणाली. "आता परत यायला नको म्हणाल्या आतल्या बाई. आणि ही बघा, आत्ताच तुटायची होती. कोपऱ्यावर चांभार बसतो ना? चला."

शंकोबाने उठायचा प्रयत्न केला. पायांनी ऐकलं नाही. त्याने बाकाची कड धरली, पुन्हा जोर लावला, पुन्हा खाली बसला.

"अहो?"

"जरा थांब," तो म्हणाला. "येतो."

तिने त्याच्याकडे बघितलं, चप्पल जमिनीवर ठेवली आणि त्याच्या शेजारी बसली. हॉलमध्ये सफाईवाली ओल्या फडक्याने फरशी पुसत होती. ती त्यांच्यापर्यंत आली तेव्हा दोघांनी पाय वर उचलले, आणि ती पुढे गेल्यावर खाली ठेवले.